शेपटाकडचं वावर

२ मे २०२३, मंगळवार

आज अकरा वाजता गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पांढरी गाडी आली. पुण्याची पासिंग. नंबर वहीत लिहून ठेवला आहे. सरपंच होऊन मला सव्वादोन वर्षं झाली, पण पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या माणसानं गावाचं भलं केलं असं अजून पाहण्यात नाही.

पाच जण उतरले. मुख्य माणूस डॉ. सेवालाल आडे. पुण्याच्या एका संस्थेत आहे, मूळचा मात्र आपल्याच वाशिम जिल्ह्यातल्या, मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचा. बोलतो आपल्यासारखंच. हे मला जास्त खटकलं. परका माणूस फसवायला आला तर निदान ओळखू येतो.

सोबत एक बाई. गावात बातमी होती की जर्मनीची मॅडम येणार, म्हणून निम्मं गाव गोरी बाई पाहायला जमलं. ती निघाली आफ्रिकेतली, केनियाची. नाव अकिन्यी. शिकवते जर्मनीत. पंचायतीचा शिपाई चंपत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मंग जर्मनीची काहून म्हनत होते?" माझ्याही मनात तेच होतं. कागदावर देश तीन आणि माती आमची एकट्याची.

त्यांचं म्हणणं असं. तलाव सात-आठशे वर्षं जुना असावा. दर पावसाळ्यात तळाशी गाळाचा एक पापुद्रा बसतो. लांब नळी खोल ठोकून तो गाळ न मोडता वर काढायचा, उसाच्या कांडीसारखा. त्यात जुन्या फुलांचे परागकण असतात, जळक्या लाकडाची भुकटी असते. त्यावरून कोणत्या काळात पाऊस किती होता, रान किती होतं, दुष्काळ कधी पडला ते कळतं. तिन्ही देश मिळून सात तलावांवर हे काम चाललं आहे. आमच्या तलावाची घाई अशी, की कालच्याच ग्रामसभेत २२ तारखेपासून जेसीबी लावून गाळ काढायचा ठराव झाला. जेसीबी आत शिरली की आठशे वर्षं ट्रॉलीत भरून वावरात जातील, असं आडे साहेब म्हणाले.

मी विचारलं, मागचा पाऊस मोजून आज काय फायदा? ते म्हणाले, "ताई, पुढचा पाऊस कसा वागंन हे सांगाले मागचा लय लागते."

उत्तर चांगलं होतं. घरून तयार करून आणल्यासारखं. मी सही दिली नाही. विचार करते म्हटलं.

४ मे, गुरुवार

मालकांनी, म्हणजे माझ्या घरच्यांनी, देवमन यांनी, दोन दिवसांत तीनदा विचारलं, गाडीवाल्यांनी काय मोजलं, कुठवर मोजलं, पाळीच्या बाहेर आले होते काय. मी सांगितलं की आडे साहेबांजवळ एक जुना नकाशा आहे, त्यात तलावाचा निळा रंग आजच्या पाण्यापेक्षा बराच मोठा दिसतो. ते ताटावरून उठले. भाकर तशीच राहिली.

माझ्या पदाची त्यांना किती काळजी. निवडणुकीचा फॉर्मसुद्धा सगळा त्यांनीच भरला होता, मी फक्त सह्या केल्या.

५ मे, शुक्रवार

मालेगावला तहसीलमध्ये फोन लावला. कागद खरे आहेत म्हणाले. खरे कागद तर सगळ्यांजवळच असतात. हायवेच्या वेळीही आधी गाडी आली होती, मग झेंडे, मग नोटिसा.

शेवटी सही दिली, पण माझ्या अटींवर. मोजमाप होईल तेव्हा पंचायतीचा माणूस हजर राहील. काढलेली प्रत्येक कांडी पुण्याला जाईपर्यंत समाजमंदिराच्या मागच्या खोलीत राहील. तिच्या दोन किल्ल्या, एक चंपतजवळ, एक माझ्या घरी खुंटीला. आणि जे निघेल ते गावाला मराठीत सांगायचं. आडे साहेबांनी एकाही शब्दाची घासाघीस केली नाही. इतक्या लवकर कबूल होणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

१० मे, बुधवार

काल काम सुरू झालं. पाणी आटून मधोमध डबक्याएवढं उरलं आहे. त्याच्या कडेला त्यांनी लोखंडाची तिपाई उभी केली आणि पांढऱ्या पीव्हीसीच्या नळ्या ठोकल्या. एक मीटरची पहिली नळी वर आली तेव्हा सगळे पुढं सरकले. तोंडाशी काळा, चिकट गाळ. अकिन्यीनं त्यातली चिमूट घेऊन दातांखाली धरली. लोक हसले. माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, तिथंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हासता काय? मातीत रेती हाये का नाही ते तसंच पायतात." आणि त्यांनीही चिमूट तोंडात घातली. दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. मला हे आवडलं नाही. म्हाताऱ्या माणसाला आपलंसं करून घेणं ही पहिली पायरी असते.

गावात तीन बातम्या आहेत. खाली गॅस आहे. सोलरची कंपनी येणार. आणि तिसरी, सरपंचबाईनं तलाव विकला.

१३ मे, शनिवार

त्यांच्या फाईलमधला एक इंग्रजी कागद टेबलावर राहिला होता. मी फोटो काढून घरी मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं. निम्मा नमुना जर्मनीला जाणार असं स्वच्छ लिहिलं आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तशीच समाजमंदिरात गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं. आडे साहेबांचा चेहरा उतरला. सांगायला पाहिजे होतं, चुकलं, म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवते. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामात त्यांनीच काढलेल्या सगळ्या कांड्या बाहेर गेल्या, आणि छापून आलं तेव्हा त्यांचं नाव शेवटून दुसरं होतं. म्हणून या वेळी ते दीड वर्ष भांडले. प्रत्येक कांडी उभी चिरायची, निम्मी पुण्यात राहणार, निम्मी तिकडं.

अकिन्यी इंग्रजीत हळूहळू बोलली, आडे साहेबांनी मराठीत सांगितलं. तिच्या गावाजवळच्या सरोवराचा गाळ तिच्या जन्माआधीच परदेशात गेला. तिच्या गुरुजींना तो बघायला पत्र लिहून परवानगी मागावी लागली. उत्तर यायला अकरा महिने लागले. ती म्हणाली, "तुम्ही मला विचारलं ते बरोबर केलं. माझ्या गावात कोणी विचारलं नाही."

मी कागदावर "निम्मी पुण्यात" या ओळीखाली दोघांच्या सह्या घेतल्या. त्या बाईचा हात घामानं ओला होता. घाबरली होती की ऊन, कळलं नाही.

१५ मे, सोमवार

आडे साहेब घरी आले. तलावाच्या शेपटाकडं, म्हणजे पाणी आत येतं त्या उथळ टोकाला, जिथं आमची वांग्याची वाडी आहे, तिथंही एक नळी ठोकू द्या म्हणाले. मधला गाळ म्हशींनी, माणसांनी घोळला आहे, शेपटाचा खालचा थर शांत असणार. मी म्हटलं, वावर मालकांचं आहे, त्यांना विचारा.

मालकांनी साफ नाही म्हटलं. "उभी वांगी हायेत. एक झाडही मोडू देनार नाही." त्यांचंही बरोबर आहे. माल सध्या मालेगावच्या बाजारात रोज जातो. पण एवढं ओरडून सांगायची गरज नव्हती.

१८ मे, गुरुवार

मधल्या चार नळ्या पूर्ण झाल्या. दोन्ही टोकांना बूच, वर आडे साहेबांच्या हातचे लाल आकडे. उद्या दुपारी पुण्याहून गाडी येऊन घेऊन जाणार. मी स्वतः मोजून कुलूप लावलं.

१९ मे, शुक्रवार

नळ्या नाहीत.

सकाळी नऊला आडे साहेब, अकिन्यी, मी आणि चंपत, चौघांनी मिळून खोली उघडली. कुलूप शाबूत. फळी रिकामी. खाली ओल्या मातीचा एक ठिपकासुद्धा नाही.

कुलूप तुटलं नाही म्हणजे किल्लीवाल्यानं नेलं. एक किल्ली माझ्या घरी खुंटीलाच होती, मी जाऊन पाहिली. राहिली दुसरी. चंपतला मी सगळ्यांसमोर विचारलं, कोणाला दिली किल्ली? कोणाच्या सांगण्यावरून? तो म्हणाला, "ताई, मले इचारून राह्यल्या तुमी?" मी म्हटलं, मग कोणाला विचारू? तो पायरीवर बसला, टोपी काढली आणि उठून घरी गेला.

आडे साहेब पोलिसात जायला तयार नाहीत. गावाला त्रास नको म्हणाले. चोरी ज्याची झाली तोच तक्रार करत नाही, हे कसं? यांनीच पहाटे नेल्या असतील आणि आता निम्म्याची भानगडच मिटली असेल. अकिन्यीनं दिवसभर काही खाल्लं नाही. नाटकही असू शकतं.

मालकांना सांगितलं तर तेही म्हणाले, पोलीसबिलीस नको, गेली तर गेली, मातीच ती.

२० मे, शनिवार

सकाळी वांगी तोडायला गेले. वाडीतला पाण्याचा दांड दोन जागी फुटला होता, तो मालकांनी काळ्याभोर गाळानं छान लिंपून घेतला आहे. अशा उन्हात किती राबतात. गावात एवढी बोंब उठली आहे, पण यांनी कामात खंड पडू दिला नाही. मी मात्र चार दिवस झाले, वाडीत पाय टाकला नव्हता. मनाला लागलं.

२१ मे, रविवार

चंपतची बायको वच्छला किल्ली परत घेऊन आली. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "वीस वर्षं झाली त्यायले पंचायतीत. खडूचा तुकडा घरी नाही आनला. पोरायनं मांगला तरी नाही." किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेली.

पण किल्ली तर त्याच्याचजवळ होती.

२२ मे, सोमवार

जेसीबी आली. ट्रॉल्यांची रांग लागली. पुढं ढकला म्हणणं माझ्या हातात नव्हतं, पाऊस यायच्या आत काम व्हायला पाहिजे. अकिन्यी पाळीवर बसून बघत होती. तिचं परतीचं विमान २७ ला. सासूबाई आपणहून तिच्याजवळ जाऊन बसल्या. मी पाणी द्यायला गेले तेव्हा त्या आडे साहेबांना सांगत होत्या, "मी लगन होऊन आली तवा पानी पार तिकडं होतं. आता वांगी हायेत ना, थेच. त्याइथं मी धुनं धुवाची."

मी म्हटलं, आई, ती आपली वाडी आहे, तलाव इकडं आहे. त्या म्हणाल्या, "मले कोनतं कोनतं हाये ते समजत नाही काय?" आणि एकदम गप्प झाल्या, जसं काही न बोलायचं बोलून गेल्या.

वय झालं की आठवणी जागा बदलतात. पण माझं मन दिवसभर तिथंच राहिलं.

२३ मे, मंगळवार

पंचायतीच्या कपाटातून गावाचा नकाशा काढला. मग तलाठ्याकडून आमचा सातबारा. कधी पाहिलाच नव्हता मी, कामच पडलं नाही. आमचं वावर तीन एकर. ते आंब्याच्या झाडापाशी संपतं. आंब्याच्या पुढं दीड एकर आम्ही वांगी लावतो, ती जागा नकाशात ई-क्लास आहे. सरकारी. तलावाची.

सतरा वर्षं मी त्या मातीत निंदण करते आहे.

मग फॉर्म आठवला. त्यात एक ओळ असते, उमेदवाराचं किंवा घरच्यांचं सरकारी जागेवर अतिक्रमण नाही. खाली माझी सही.

घरी येऊन सरळ गोठ्यात गेले. का गेले ते सांगता येत नाही. गुरांच्या कुटाराच्या ढिगामागं चार पांढऱ्या नळ्या, रिकाम्या, धुतलेल्या. एकीवर लाल आकडा अर्धा पुसलेला.

मालक वाडीतून आले तेव्हा मी नळी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. खुंटीवरची किल्ली घेतली होती, गाळ दांडाला लावला. मला शनिवारचा दांड आठवला, आणि मी काय लिहिलं होतं तेही.

"माह्या बापानं बहात्तरच्या दुष्काळानंतर मोकळी केली थे जागा," ते म्हणाले. "पानी मांगं सरलं, बाप पुढं गेला. कोन्याचं लुटलं नाही. हे नकाशेवाले लिहितीन, इथवर तलाव होता म्हनून. मंग वावर जाईन आन् तुही खुर्चीबी जाईन. म्या दोन्ही वाचवून राह्यलो होतो."

मी म्हटलं, आणि चंपत?

ते गोठ्याबाहेर गेले आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला राग आला, पण त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. हेच वाईट आहे. गेल्या तीन आठवड्यांत मी प्रत्येकावर संशय घेतला. घरात पाहिलं नाही.

२४ मे, बुधवार

आधी चंपतच्या घरी गेले. वच्छला दारातून हटली नाही. मी तिच्यासमोरच चंपतला सांगितलं की चूक माझी होती आणि नळ्या माझ्या घरून निघाल्या. चंपतनं सतरंजी अंथरली. मग म्हणाला, "बसा, ताई." चहा झाला. कामावर येतो असं मात्र म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

तिथून समाजमंदिरात. आडे साहेबांना नळ्या दाखवल्या. त्यांना नवल वाटलं नाही. गोठ्यात नाही, पण गावातच कोणाकडं तरी असतील हे त्यांना पहिल्या दिवशीच वाटलं होतं. म्हणून पोलीस नको म्हणत होते. आणि मी काय समजत होते.

मी विचारलं, आमच्या वाडीत नळी ठोकली तर पाणी कुठवर होतं ते तुम्ही लिहाल काय? आडे साहेबांनी अकिन्यीला इंग्रजीत विचारलं आणि तिचं उत्तर मराठीत सांगितलं.

"हो. पाणी कुठवर होतं ते लिहू. आज तिथं कोण आहे ते लिहिणार नाही."

"पन वाचनारा इथं येऊन पाहू शकते," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "शकतो."

ती खोटं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. सरळ नाही म्हटलं असतं.

संध्याकाळी मालकांना सांगितलं की उद्या ते लोक वाडीत येतील. आणि परवा मी ग्रामसेवकाला वाडीच्या सरकारी जागेचं लेखी देईन, कोणी दुसऱ्यानं सांगायच्या आधी. ते म्हणाले, "तुले त्या बाईचं जास्त हाये." मी म्हटलं, मला माझ्या सहीचं आहे. खाली माझं नाव आहे. ते जेवले नाहीत. मीही नाही.

२५ मे, गुरुवार

सहा वाजता तिपाई वाडीत उभी राहिली. मी वांग्याची नऊ झाडं माझ्या हातानं उपटली. मालक येणार नाहीत असं धरून चालले होते. ते आले, आंब्याखाली बसले, शेवटपर्यंत बसले. पाऊण मीटरवर नळी अडली. जोर लावला तर वाकायला लागली. तेव्हा ते उठले आणि आडे साहेबांना म्हणाले, "तिथं मुरूम हाये. चार हात इकडं घ्या." त्यांना त्या वावराचा हात न् हात माहीत आहे. चार हात इकडं घेतली आणि नळीला नळी जोडत तीन मीटर खाली गेली.

अकिन्यीनं त्यांच्यापुढं हात जोडले. यांनी मान वळवली, पण सरकून तिला सावलीत जागा दिली.

२६ मे, शुक्रवार

लेखी दिलं. ग्रामसेवकानं दोनदा वाचून विचारलं, ताई, नक्की देता काय? तो कागद हातात धरूनच राहिला. मीच शिक्का उचलून दिला.

बाहेर कोणी म्हणालं, सरपंचबाईनं हे कशासाठी केलं असंन, यातही काही डाव असंन. मला हसू आलं. मी असते तर मलाही हेच वाटलं असतं.

१९ जून, सोमवार

नोटीस आली. अपात्रतेची सुनावणी वाशिमला कलेक्टर ऑफिसात होईल, तारीख कळवू. वाडीतली वांगी काढायला सांगितलं आहे. मालक माझ्याशी कामापुरतं बोलतात. चंपत एक तारखेपासून पंचायतीत येतो. किल्ली मी त्याच्या टेबलावर ठेवली, त्यानं उचलली.

२४ ऑगस्ट, गुरुवार

तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. सोयाबीन माना टाकते आहे. तलावात गाळ काढला तिथं तेवढं पाणी आहे.

दुपारी आडे साहेबांचा फोन आला. गावाला मराठीत सांगायचं ठरलं होतं, म्हणून आधी तुम्हाला सांगतो म्हणाले. मी स्पीकर लावला. सासूबाई जात्याजवळ डाळ निवडत होत्या. मालक दारात येऊन उभे राहिले. माझ्या मनात आलंच, बातमी चांगली असती तर आधी पेपरात दिली असती.

त्यांनी सांगितलं की आमच्या वाडीतली कांडी उभी चिरली, निम्मी पुण्यात आहे, निम्मी सगळी परवानगी घेऊन अकिन्यीकडं पोचली. दोघांनी आपापल्या ठिकाणी, एकमेकांना न सांगता मोजलं आणि दोघांचं एकच निघालं. काळ अजून पक्का करायचा आहे, पण काही शे वर्षांपूर्वीचा असावा. दीड मीटर खोलीवर एक थर आहे. त्यात पाण्यातल्या वनस्पतींचं जवळजवळ काहीच नाही. आहेत ते ज्वारीसारख्या पिकाचे परागकण, भरपूर, आणि जळक्या धसकटांची भुकटी. म्हणजे तलाव आटला होता आणि कोणी तरी त्या जागेवर पेरत होतं. एकदोन वर्षं नाही, बरीच वर्षं. आणि त्याच्या वर एकदम पुन्हा पाण्यातलं गवत, शेवाळ, गाळ.

मी विचारलं, म्हणजे आमच्यासारखंच कोणी? ते म्हणाले, तुमच्यासारखंच.

मालक दारातूनच बोलले. वाडीतल्या त्या दिवसानंतर आडे साहेबांशी पहिल्यांदा. "मंग त्यायले नोटीस कोनं देली?"

सासूबाईंनी सुपातून मान वर न करता म्हटलं, "पान्यानं देली असंन."

मग आडे साहेब म्हणाले, हे मी आज अकिन्यीला सांगतो, आणि फोन ठेवला.

सोमवारी वाशिमला सुनावणी आहे. मी एकटीच बसनं जायचं ठरवलं होतं. मालक मोटरसायकल पुसत होते. मान खाली घालून म्हणाले, "किती वाजता निंगाचं?"